सलग ४ वेळा चॅम्पियन झालेली टीम, तरी तिला कुणी विकत घेईना

१९९७ ला अमेरिकेत डब्ल्यूएनबीए, म्हणजे महिलांची प्रोफेशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली. पहिली ट्रॉफी ह्यूस्टन कॉमेट्सने नेली. दुसरी, तिसरी आणि चौथीसुद्धा त्यांनीच. सलग ४ चा हा विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

सिंथिया कूपरचं वय तेव्हा ३४. मायदेशात लीगच नव्हती म्हणून तिची उमेदीची वर्षं युरोपात गेली होती. ती परतली आणि चारही फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरली. शेरिल स्वूप्स तर बाळंतपणानंतर जेमतेम ६ आठवड्यांत मैदानात आली. १९९९ मध्ये संघातल्या किम पेरोटचा कॅन्सरने मृत्यू झाला, वय फक्त ३२. महिना उलटायच्या आत मैत्रिणींनी तिसरी ट्रॉफी जिंकली.

मग बिनसलं कुठं? खेळात नाही, मालकीत.

सुरुवातीला या टीम्सना एनबीएचा आधार होता. २००२ नंतर टीम्स वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या. कॉमेट्स २००७ ला ह्यूस्टनच्या एका फर्निचर व्यावसायिकाने घेतली, पण वर्ष-दीड वर्षातच तिचा कारभार लीगच्या गळ्यात आला. लीगने गिऱ्हाईक शोधलं, ते मिळालं नाही. डिसेंबर २००८ मध्ये टीम बंद झाली आणि खेळाडू इतर संघांत वाटल्या गेल्या.

कॉमेट्सची किंमत तेव्हा सांगितली जात होती साधारण १ कोटी डॉलर. २०२५ मध्ये याच लीगमध्ये नवी टीम काढायची फी होती २५ कोटी डॉलर.