सिस्टरला पडलेला प्रश्न

सासूबाई दहा दिवस हॉस्पिटलात होत्या. हातावरच्या शिरा मुळातच बारीक. त्यात सलाइनची सुई, म्हणजे सिस्टर लोकांचं इंट्राकॅथ, दर तिसऱ्या दिवशी काढून दुसरीकडे टोचायची. चांगली चालू असली तरी! शेवटी मी विचारलंच, "सिस्टर, का हो असं?" पंचविशीतली मुलगी, ड्यूटी करून दमलेली. म्हणाली, "ताई, इथे तसंच करतात. मलाही प्रश्न पडतो, पण विचारू कुणाला?"

हे काही डोक्यातून जाईना. माझी एक मैत्रीण नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर! ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकर्ड या मूळच्या नर्स असलेल्या संशोधिकेनं तीन हजारांवर रुग्णांमध्ये हेच तपासलं. २०१२ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सुई तिसऱ्या दिवशी बदला किंवा दुखू-सुजू लागल्यावर बदला, शिरेला सूज येण्याचं प्रमाण सारखंच, शंभरात सात. मी खूश! तर ती म्हणते, "थांब, पुढचं ऐक. २०२१ मध्ये जिनिव्हाहून आलेला लेख वेगळंच सांगतो. ठरावीक दिवसांनी बदलणं सोडल्यावर तिथे सुईमुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग वाढला."

आता अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलीनं हे दोन्ही लेख शोधायचे कधी आणि ताडून बघायचे कधी?

अमेरिकेत हा विचार फार पूर्वी झाला. एला क्रँडॉल, मिल्ड्रेड ग्रँडबॉइस आणि मॉली सिटनर या तिघींनी १९४० च्या दशकात नर्सिंगच्या मासिकांतल्या लेखांच्या नोंदी कार्डांवर करायला घेतल्या. १९६१ मध्ये त्यांची छापील सूची निघाली. आज तीच 'सिनाल' नावानं कॉम्प्युटरवर मिळते. पुढे १९७१ मध्ये कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब यांनी तर ग्रंथपालांना थेट वॉर्डातल्या राउंडला नेलं. तिथे निघालेला प्रश्न टिपायचा आणि उत्तर शोधून आणून द्यायचं.

मी कामानिमित्त ज्या हॉस्पिटलांत जाते, तिथे लायब्ररी असलीच तर ती 'डॉक्टर लोकांची'. संध्याकाळी कुलूप. रात्रपाळीच्या सिस्टरला तिचा काय उपयोग? 'पबमेड' १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे, मोबाइलवरही दिसतं, मान्य. पण त्या इंग्रजी लेखांच्या ढिगातून नेमका कुठला वाचायचा, हे सांगायला माणूसच लागतं ना!

मैत्रिणीनं दोन्ही लेखांचा सारांश मराठीत एका पानावर लिहून दिला. तो घेऊन मी वॉर्डात गेले. सिस्टरनं उभ्याउभ्याच वाचला, इनचार्ज मॅडमना दाखवते म्हणाली. मी निघाले तर मागून जिन्यापर्यंत आली. "ताई, झोपून झोपून पाठीला जखमा होतात ना, त्यावर काही नवीन आलंय का, ते विचाराल त्या बाईंना?"