दुधाचे दात पडणारच, मग?

‘दुधाचेच दात ना, पडतील की!’ दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकते. तीन वर्षांचं पोर गाल धरून रडत असतं आणि आजी निर्धास्त असते. दात पडणार हे खरं, पण कधी? दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर पोरानं चावायचं कशानं?

कीड बहुधा वरच्या पटाशीच्या दातांपासून लागते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपतं; झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध दातांवर साचून राहतं. खालचे दात जिभेच्या आडोशाने वाचतात. सुरुवातीला हिरडीलगत नुसता पांढरा पट्टा दिसतो. दाखवायला यायचं ते तेव्हाच, दात काळा होईपर्यंत थांबायचं नाही.

किडीचे जंतू आईच्या उष्ट्या चमच्यावरूनही बाळाकडे जाऊ शकतात. म्हणून ही काळजी गरोदरपणातच सुरू होते. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, रक्त येतं. बायका घाबरून ब्रश सोडतात, काही जणी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्याने पोटातल्या बाळाचं वजन घटतं. ब्रश मऊ घ्या, पण सोडू नका. किडलेली दाढ चौथ्या ते सहाव्या महिन्यात सुरक्षितपणे भरता येते. दिवस गेलेत हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे झालं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरलाच सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, दातही पाहतात आणि पुढचे उपचार मोफत असतात. मात्र पथकातले डॉक्टर दातांचे नसतात. ते चिठ्ठी देतात. मुलाला मोठ्या सरकारी रुग्णालयात आपणच न्यायचं. घोडं पेंड खातं ते इथे. दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं आणि चिठ्ठी डब्याखाली राहते. यात मी आईला दोष देणार नाही. पण दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची तपासणी असते. त्याच फेरीत स्वतःचे दात दाखवा, थोरल्यालाही सोबत न्या.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. दुधाची समजून घरोघर तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. आज मुलाला उजेडात बसवा आणि ‘आ’ करायला सांगा.