नायजेरियात मंत्री कोण होतो? छत्तीस खुर्च्यांची गोष्ट

महाराष्ट्रात नवं मंत्रिमंडळ आलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक तक्ता हमखास असतो. विदर्भाला किती मंत्रिपदं, मराठवाड्याला किती, कोकणाच्या वाट्याला काय आलं. हा हिशोब आपल्याकडे कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही, तो राजकीय सोयीचा भाग आहे. नायजेरियात मात्र हाच हिशोब थेट राज्यघटनेत आहे. लंडन किंवा ह्यूस्टनमध्ये तुमचे नायजेरियन मित्रमैत्रिणी असतील, तर मंत्र्यांची यादी आली की ते खात्यांच्या आधी राज्यांची नावं का वाचतात, हे यातून कळेल.

१९९९ च्या घटनेचं कलम १४७ सांगतं की राष्ट्राध्यक्षाने प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री घ्यायलाच हवा, आणि तो त्या राज्याचा ‘इंडिजीन’ हवा. इंडिजीन म्हणजे आपल्या भाषेत भूमिपुत्र. राज्यं ३६, म्हणून मंत्री कमीत कमी ३६.

हा नियम आला कुठून? नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाला तेव्हा तिथे फक्त तीन मोठे प्रांत होते. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेला योरुबा आणि पूर्वेला इग्बो अशी तीन समाजांची पकड होती. बाकीच्या शेकडो छोट्या समाजांनी जायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहिला. जानेवारी १९६६ मध्ये पहिला लष्करी उठाव झाला, जुलैमध्ये दुसरा. उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. मे १९६७ मध्ये पूर्व भाग ‘बियाफ्रा’ म्हणून वेगळा झाला आणि जानेवारी १९७० पर्यंत यादवी युद्ध चाललं. लाखो माणसं मेली, त्यातली बरीचशी उपासमारीने.

‘सरकार एकाच समाजाच्या ताब्यात गेलं तर देश फुटतो’ हा धडा या युद्धातून घेतला गेला. म्हणून १९७९ च्या घटनेत ‘फेडरल कॅरॅक्टर’ हे तत्त्व आलं. सरकारकडे बघितल्यावर त्यात सगळा देश दिसला पाहिजे, असा त्याचा अर्थ. प्रत्येक राज्यातून एक मंत्री हा नियम तेव्हाचाच. तेव्हा राज्यं १९ होती. डिसेंबर १९८३ च्या शेवटच्या दिवशी लष्कराने ते सरकारही उलथवलं. १९६६ ते १९९९ या तेहतीस वर्षांत निवडून आलेलं सरकार टिकलं ते जेमतेम सव्वाचार वर्षं.

लष्कराच्या काळात मंत्री नव्हते असं नाही. होते, आणि त्यात वर्दी नसलेलेही होते. पण खरे निर्णय वरच्या लष्करी मंडळात व्हायचे. जनरल सानी अबाचाच्या काळात त्याचं नाव होतं ‘प्रोव्हिजनल रुलिंग कौन्सिल’. मंत्र्याला प्रश्न विचारणारं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. जून १९९८ मध्ये अबाचा अचानक वारला, फेब्रुवारी १९९९ मध्ये निवडणूक झाली आणि २९ मे १९९९ ला ओलुसेगुन ओबासांजो यांनी शपथ घेतली.

ओबासांजो स्वतः निवृत्त जनरल. १९७६ ते १९७९ ते लष्करी राज्यकर्ते होते. त्यांचे पहिले संरक्षणमंत्री थिओफिलस दांजुमा हेही निवृत्त जनरल, त्याच काळातले लष्करप्रमुख. पण त्याच मंत्रिमंडळात विरोधी पक्षातले बोला इगेसुद्धा होते. आधी वीज खातं, मग कायदा खातं. २३ डिसेंबर २००१ ला, कायदामंत्री असतानाच, इबादानमधल्या त्यांच्या घरात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. तो कुणी केला हे आजवर कोर्टात सिद्ध झालेलं नाही. नव्या लोकशाहीत मंत्री असणं किती धोक्याचं होतं, याचा यावरून अंदाज येतो.

आता प्रक्रिया बघू. भारतात मंत्र्याला सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. नायजेरियात उलट आहे. खासदाराला मंत्री केलं तर त्याची जागा रिकामी होते. राष्ट्राध्यक्ष नावं पाठवतात आणि सेनेट उमेदवारांना समोर बोलावून प्रश्न विचारते. निदान विचारायला हवेत. उमेदवार माजी सेनेटर असेल तर बहुतेकदा ‘टेक अ बो’ म्हणतात, म्हणजे वाकून नमस्कार करा आणि निघा. शिवाय नावांसोबत खातं बहुधा सांगितलेलंच नसतं. समोरची बाई आरोग्यमंत्री होणार की रस्तेमंत्री, हे माहीत नसताना सेनेटने तिला काय विचारायचं? मग चर्चा उरते ती एकाच गोष्टीची: हा माणूस कुठल्या राज्याचा?

इथे नियमाची दुसरी बाजू दिसायला लागते. घटनेनुसार तुम्ही एखाद्या राज्याचे कधी? तर आई-वडिलांपैकी एक किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही तिथल्या मूळ समाजातलं असेल तर. तुमचा जन्म, शाळा, नोकरी, कर भरणं, यातलं काहीच धरलं जात नाही. त्याचा दाखला स्थानिक प्रशासन देतं. मूळ गाव विचारल्यावर कधीच न राहिलेल्या गावाचं नाव सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही भानगड लगेच समजेल. फरक इतकाच की तिथे त्या उत्तरावर पद अवलंबून असतं.

आणि पदच नाही, कधी जीवही. सप्टेंबर २००१ मध्ये जोस शहरात दंगल होऊन शेकडो लोक मेले. त्याआधी तणाव वाढला होता तो केंद्राच्या गरिबी निर्मूलन योजनेच्या स्थानिक प्रमुखपदी कुणाला नेमलं यावरून. नेमलेला माणूस हौसा समाजातला होता, आणि जे स्वतःला तिथले मूळचे मानतात त्यांच्या लेखी तो उपरा होता. २०१२ मध्ये एका महिला न्यायाधीशांची वरच्या कोर्टातली शपथ ऐनवेळी थांबवली गेली, कारण नाव नवऱ्याच्या राज्यातून आलं होतं आणि माहेर दुसऱ्या राज्यातलं. बराच गदारोळ झाल्यावर त्यांना शपथ दिली गेली.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे. ही ३६ राज्यं आखली कुणी? १९६७ मध्ये १२ राज्यं झाली, बियाफ्राच्या घोषणेच्या तीनच दिवस आधी. मग १९७६ मध्ये १९, १९८७ मध्ये २१, १९९१ मध्ये ३० आणि १९९६ मध्ये ३६. प्रत्येक वेळी सत्तेत लष्कर होतं आणि राज्यं हुकुमाने बनली. १९९९ ची घटनासुद्धा जाता जाता लष्करानेच हुकूम काढून लागू केली. सुरुवातीला मात्र ‘आम्ही लोक’ असंच लिहिलंय.

या रेषांचा परिणाम थेट मंत्रिमंडळात दिसतो. १९९१ मध्ये कानो राज्यातून जिगावा वेगळं काढलं, तेव्हापासून जुन्या कानोच्या वाट्याला दोन हक्काची मंत्रिपदं येतात. प्रचंड लोकसंख्येच्या लागोसला एकच. वायव्य विभागात सात राज्यं आहेत, इग्बोबहुल आग्नेय विभागात पाच. ज्या समाजाने युद्ध हरलं, त्याच्या विभागाच्या हक्काच्या खुर्च्या सगळ्यात कमी. नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे, पण तो ज्या नकाशावर लागू होतो तो सारखा नाही.

मग नियम काढून टाकावा का? मला तसं वाटत नाही. याच नियमाखाली २००३ मध्ये न्गोझी ओकोंजो-इवेला अर्थमंत्री झाल्या आणि २००५ मध्ये पॅरिस क्लबच्या देशांकडून १८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करून घेतलं. म्हणजे राज्य बघूनही लायक माणूस सापडतो. आणि हा नियम नसता तर छोट्या राज्यातल्या समाजाला मंत्रिमंडळात आपला माणूस कधी दिसला असता, कुणी सांगावं. युद्धातून गेलेल्या देशात ही लहान गोष्ट नाही.

अडचण दुरुस्तीची आहे. २०१५ मध्ये शपथेनंतर मंत्रिमंडळ यायला पाच महिन्यांहून जास्त लागले. त्यावर २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली, आणि आता ६० दिवसांत नावं पाठवावी लागतात. एवढं संसदेला जमलं. पण नव्या राज्यांच्या कितीतरी मागण्या असूनही १९९९ पासून एकही राज्य बनलेलं नाही, कारण लोकशाही मार्गाने ते करायची अट फार कडक आहे. जनरलला जे एका सहीने जमायचं, ते निवडून आलेल्यांना पंचवीस वर्षांत जमलेलं नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी अबुजातून मंत्र्यांची यादी जाहीर झाली, तर नावांसोबत राज्यांचा रकानाही वाचा. नावं राष्ट्राध्यक्षांनी निवडलेली असतील. शेजारचा रकाना अजूनही लष्कराने आखलेलाच आहे.