पाय वाटेवर, मन मोकळे

सोलापूरचा उन्हाळा फिरायला जाणाऱ्यांना फारशी सवड देत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि मे महिन्यात सूर्य सहाच्या आतच उगवतो. त्यामुळे कंबर तलावाचा काठ, हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलावाचा परिसर येथे भल्या पहाटेच वर्दळ सुरू होते. यांतील अनेकांच्या कानांत इअरफोन असतात, काहींचे लक्ष मोबाइलवरील पावलांच्या आकड्याकडे असते. चालताना मनाला कोणतेही काम न देणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असा समज त्यामागे असावा. मेंदूचे शास्त्र मात्र वेगळे सांगते.

बाहेरचे काम नसतानाही मेंदू रिकामा बसत नाही. मार्कस रायकल या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००१ मध्ये दाखवून दिले, की अशा वेळी मेंदूतील काही ठरावीक भाग उलट अधिक सक्रिय असतात. आठवणी जुळवणे, उद्याचे बेत आखणे, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणे ही कामे याच भागांशी निगडित आहेत. ओळखीच्या वाटेवर चालण्यासाठी फारसे अवधान लागत नाही आणि उरलेले अवधान या कामाला मिळते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना अधिक सुचल्या. कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालणाऱ्यांनाही! एकच अचूक उत्तर असलेली कोडी सोडवताना मात्र चालण्याचा लाभ झाला नाही. हिशेबाची वही घरी ठेवूनच फिरायला निघावे, हे बरे.

मग घराबाहेरच कशासाठी जायचे? कारण भटकणारे मन सुखीच असते असे नाही. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांच्या २०१० मधील अभ्यासात माणसांचे मन जवळजवळ निम्मा वेळ हातातल्या कामापासून दूर असल्याचे आढळले आणि त्या वेळी ती माणसे कमी आनंदी होती. विहरणे वेगळे आणि एकच काळजी उगाळत राहणे वेगळे. हा फरक पडण्यात जागेचा वाटा मोठा आहे. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्याच अभ्यासकांनी काही जणांना ९० मिनिटे झाडा-गवताच्या परिसरात, तर काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने चालवले. पहिल्या गटाचे काळज्या उगाळणे कमी झाले, दुसऱ्याचे नाही. पाण्यावरची लहर, पानांची सळसळ, काठावर उतरणारे पक्षी लक्ष वेधतात, पण ते जखडून ठेवत नाहीत. पदपथ अडलेल्या रस्त्यावर रिक्षा आणि दुचाकी चुकवत चालणाऱ्याचे मन भटकूच शकत नाही आणि ते भटकले तर जिवाशी गाठ! म्हणूनच तलावाकाठची वाहनमुक्त वाट हे शहराचे केवळ सुशोभीकरण ठरत नाही.

याच जिल्ह्यातील पंढरपूरकडे येणारे वारकरी दोनशेहून अधिक किलोमीटर चालतात, तेही टाळ आणि नामाच्या ठेक्यावर. तेथे मन सोडायचे नसते, बांधायचे असते. चालण्याचा शीण हलका करण्याची ही अगदी निराळी रीत आहे.

वेगाने धावणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. मॉर्गन आणि पोलॉक यांनी १९७७ मध्ये मॅरेथॉन धावपटूंचा अभ्यास केला. सामान्य धावपटू कष्ट विसरण्यासाठी मन दुसरीकडे गुंतवत असत, तर अव्वल धावपटू आपला श्वास आणि स्नायू यांवर लक्ष ठेवून असत. सोलापूरच्या उन्हात हा भेद महत्त्वाचा ठरतो. विचारांत हरवलेल्याला तहान उशिरा जाणवते, डोके जड झालेले कळत नाही. उन्हाळ्यात प्रत्येक फेरीनंतर क्षणभर मन शरीराकडे आणावे, घोटभर पाणी प्यावे. घेरी किंवा मळमळ वाटल्यास फेरी तेथेच सोडून सावली गाठावी.