नायकाच्या हाती आलेली भेट : इंग्रजी फँटसीची सत्तर वर्षे

लोककथेतल्या नायकाला वाटेत कुणीतरी भेटते, त्याची पारख करते आणि तो कसोटीला उतरला की एखादी जादूची वस्तू देते. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथांची रचना उलगडताना अशा दात्याला कथेतल्या सात प्रमुख भूमिकांत स्थान दिले. इंग्रजी फँटसीने हा दाता आपलासा केला. मात्र १९३७ ते २००७ या काळात त्याच्या भेटीचा अर्थ अधिकाधिक खोल होत गेला.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीत गुहेत राहणारा गॉलम कोड्यांच्या डावात आपली अंगठीच पणाला लावतो आणि हरल्यावर ती कथानायक बिल्बोला भेट द्यायला मनापासून तयार असतो. पुढे हीच अंगठी सर्वनाशी ठरणार होती. अशी वस्तू कुणी राजीखुशीने देणे शक्य नव्हते, म्हणून टॉल्किन यांनी १९५१ च्या आवृत्तीत हा प्रसंग बदलला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गॉलम अंगठीला वाढदिवसाची भेट म्हणत राहतो; खरे तर ती त्याने नातलगाचा खून करून बळकावलेली असते.

सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या पहिल्या कथेत (१९५०) फादर ख्रिसमस पीटरला तलवार आणि ढाल, सूझनला धनुष्यबाण आणि शिंग, तर ल्यूसीला खंजीर आणि जखमा बऱ्या करणाऱ्या औषधाची कुपी देतो. या वस्तू खेळण्यासाठी नाहीत, हे तो बजावतो. फितूर झालेला त्यांचा भाऊ एडमंड तेव्हा तिथे नसतो, त्यामुळे त्याला काहीच मिळत नाही. लढाईत तो प्राणांतिक जखमी होतो, तेव्हा ल्यूसी त्याच कुपीतला थेंब त्याच्या तोंडात घालते. बहिणीच्या वाट्याची भेट भावाच्या कामी येते. लुईस यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतली कृपेची कल्पना इथे उपदेशाविना उमटली आहे.

१९५४ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड आला. त्यात लोथलोरिएनची राणी गालाड्रिएल निरोप देताना प्रवाशांपैकी प्रत्येकाचा स्वभाव ओळखून भेट देते. नायक फ्रोडोला ताऱ्याचा प्रकाश साठवलेली कुपी मिळते. माळीकाम करणाऱ्या त्याच्या सोबती सॅमला साध्या राखाडी लाकडाची एक डबी मिळते. तिच्यात राणीच्या बागेतली माती आणि एक बी असते. युद्ध संपवून सॅम घरी परततो, तर गावाकडची झाडे तोडलेली असतात. तो नवी रोपे लावतो, प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण घालतो आणि उरलेली माती मुलुखाच्या मध्यावर उभा राहून वाऱ्यावर उधळतो. पुढच्या वसंतात सारा परिसर बहरतो. ही भेट युद्धासाठी नव्हतीच. युद्धानंतर जे उभारायचे, त्यासाठी ती होती.

उर्सुला ले ग्विन यांनी दात्याचे स्थानच पालटले. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) गलबत फुटून एका ओसाड बेटावर पोचलेल्या जादूगार गेडला तिथे टाकून दिलेली म्हातारी तुटक्या कड्याचा अर्धा तुकडा देते. गेड तिच्या मचूळ झऱ्याचे पाणी मंत्राने गोड करून परतफेड करतो. त्या तुकड्याचे मोल त्याला त्या वेळी ठाऊक नसते. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये (१९७१) दुसरा अर्धा भाग सापडतो, कडे जुळते आणि दुभंगलेल्या जगाला शांततेची खूण परत मिळते.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेत (१९९७–२००७) भेट वारशाच्या रूपाने येते. पहिल्या पुस्तकातला अदृश्य करणारा झगा मुळात हॅरीच्या वडिलांचा असतो. शेवटच्या पुस्तकात मुख्याध्यापक डम्बलडोर मृत्युपत्राद्वारे हॅरीचा मित्र रॉनला दिवे विझवणारे यंत्र, मैत्रीण हर्मायनीला बालकथांचे पुस्तक आणि हॅरीला स्निच हा खेळातला छोटा सोनेरी चेंडू ठेवतात. साथ सोडून गेलेल्या रॉनला ते यंत्रच मित्रांकडे परत आणते. हॅरी मृत्यू पत्करायला निघतो, तेव्हाच स्निच उघडते.

या सत्तर वर्षांत अस्त्रे आली आणि गेली. पण वाचकांच्या मनात घर केले ते कुपी, माती आणि तुटक्या कड्याने. उत्तम फँटसीत भेट नायकाचे बळ वाढवण्यापेक्षा त्याच्यावर जबाबदारी टाकते आणि ती त्याने कशी पार पाडली, यावरच त्याचे मोठेपण ठरते.