एक नियमावली, अनेक कथा

दिवाळीच्या सुटीत घरोघरी पत्त्यांचा डाव रंगतो. त्याच बावन्न पानांत भिकार-सावकार, मेंढीकोट, रमी सारे सामावते. अशीच सोय अमेरिकेत कथाखेळांतही झाली. या खेळांत प्रत्येक जण एक पात्र होतो, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि पात्राचे यशापयश फासे ठरवितात. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम तलवारी व जादूच्या अद्भुत जगासाठी होते. १९८६ च्या ‘गर्प्स’ने मात्र तीन फाशांची एकच पद्धत सर्व कथांना लावली. एकदा नियम शिकावे आणि मावळा, गुप्तहेर वा अंतराळवीर व्हावे, हे आकर्षण मोठेच!

परंतु कोणते नियम घ्यावे, कोणते गाळावे, हा भार सूत्रधारावर पडतो; शिवाय कथेचा खास रंग नियमांत उतरत नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. गोल पाने १२०, अवतार दहा. दिवसा डाव रामाने उघडायचा, रात्री कृष्णाने. तेथे नियमांतच कथा आहे.

म्हणून आम्हांस वाटते, सर्वांना चालणारी नियमावली मुलांना जरूर द्यावी, पण सूत्रधार घरातील वडीलधाऱ्यांनी व्हावे. १६६६ ची आग्र्याहून सुटका खेळताना तलवारीपेक्षा युक्तीला आणि संयमाला अधिक गुण ठेवावेत. हा खेळ मुळात बोलण्याचा आहे. इंदुरात वाढणारी आमची मुले त्या निमित्ताने दोन तास सलग मराठी बोलली, तरी सुटी सार्थकी लागली असे आम्ही समजू.