मिलवॉकीचा ‘गटारी’ समाजवाद

अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचा मेयर समाजवादी होता, आणि तोही सलग चोवीस वर्षे, असे सांगितले की आमचे युनियनमधले सोबतीसुद्धा हसतात. पण गोष्ट खरी आहे. मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी हे कारखान्यांचे आणि बिअरचे शहर. वस्ती पुष्कळशी जर्मन व पोलिश कामगारांची. तेथे डॅनियल होन १९१६ ते १९४० पर्यंत मेयर होते. ओळीने सात निवडणुका त्यांनी जिंकल्या.

होन यांची शाळा लहानपणीच सुटली. भटारखान्यात स्वयंपाक्याचे काम करता करता ते विद्यापीठापर्यंत पोचले आणि वकील झाले. अर्धवट शाळा सुटलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून जरा बरे वाटते! कामावर इजा झालेल्या मजुराला भरपाई देणारा विस्कॉन्सिन राज्याचा १९११ चा कायदा घडविण्यात त्यांचा हात होता. १९१० साली ते शहराचे वकील म्हणून निवडून आले, आणि तेथून मेयरच्या खुर्चीवर.

आता खुर्ची मिळाली, पण हाती काय आले? नगरसभेत होन यांच्या पक्षाला त्यांच्या कारकिर्दीत बहुमत कधीच नव्हते. कारखाने मालकांचेच राहिले. वीज आणि ट्राम शहराच्या मालकीची व्हावी यासाठी होन वर्षानुवर्षे झगडले. तीही शेवटपर्यंत खाजगी कंपनीकडेच राहिली. मग राहिले काय? गटारे.

हसू नका. शहराची घाण ज्या सरोवरात जाई, त्याच सरोवराचे पाणी लोक पीत. चाळीच्या सामाईक मोरीपाशी ज्यांचे बालपण गेले त्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. विषमज्वर प्रथम कोणाच्या घरात शिरतो ते त्यांना ठाऊक असते. मैला शुद्ध करण्याच्या योजनेचा आरंभ होन येण्यापूर्वीच झाला होता. पण जोन्स आयलंडवरचा प्रचंड कारखाना चालू झाला तो त्यांच्या काळात, १९२५ साली. आणि उरलेला गाळ वाळवून ‘मिलॉर्गनाइट’ नावाचे खत करून शहराने विकायला काढले! ते खत आजही विकले जाते. शिवाय शहराच्या मदतीने सहकारी तत्त्वावर गार्डन होम्स ही १०५ घरांची कामगारवस्ती १९२० नंतरच्या दोनतीन वर्षांत उभी राहिली.

न्यूयॉर्कचे समाजवादी पुढारी मॉरिस हिलक्विट यांनी १९३२ साली या मंडळींना ‘गटारी समाजवादी’ म्हणून हिणवले. मिलवॉकीकरांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली. आमचे मत विचाराल तर टोमण्यात थोडे तथ्य होते. स्वच्छ नळ आला म्हणून मजुरी वाढत नाही. मंदीत कर थकले तेव्हा शहराने नोकरांना पगारापोटी छोट्या रकमेचे रोखे दिले. हा हिशेब चोख असला, तरी पगाराच्या दिवशी कागद घेऊन घरी जाणाऱ्याच्या बायकोचा चेहरा आम्हाला दिसतो. पण कर्ज काढून सावकारांची धन न करणारा, पै-पैचा जाब देणारा कारभार कामगारांचा माणूस करू शकतो, हे विरोधकांनाही नाकारता आले नाही.

१९४० साली कार्ल झाइडलर या तरुण, देखण्या, गोड गळ्याच्या उमेदवाराने होन यांना हरविले. पुढे होन डेमोक्रॅटिक पक्षात गेले. १९६१ साली वारले. पराभव करणाऱ्या कार्लचा धाकटा भाऊ फ्रँक मात्र पक्का समाजवादी. १९४८ साली तो मेयर झाला आणि बारा वर्षे राहिला.